अहवाल उशिरा येतो, मग नमुना कशासाठी?

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या सासऱ्यांना (वय ७२) ताप आणि धाप यांमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे त्यांचा स्वॅब घेतला. अहवाल आला तेव्हा ते बरे होऊन घरी आले होते आणि त्यात ‘फ्लू नाही’ एवढेच होते. मग हा खटाटोप कशासाठी? त्यांना फ्लूची लस कधी द्यावी? – एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या सासऱ्यांचे उपचार अहवालासाठी थांबले नाहीत, हे योग्यच झाले. असे नमुने बहुधा रोगसर्वेक्षणासाठी असतात. गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, खोकला आणि दाखल करण्याची गरज, या व्याख्येत बसणाऱ्या रुग्णाच्या नाका-घशातील स्राव प्लॅस्टिकच्या काडीवर घेतात (लाकडी काडीमुळे तपासणीत अडथळा येऊ शकतो) आणि तो शीतपेटीतून प्रयोगशाळेत पाठवतात.

‘फ्लू नाही’ हा अहवाल वाया गेला, असे कृपया समजू नका. दर आठवड्याला किती नमुन्यांपैकी किती फ्लूचे निघाले हे मोजले, तरच साथ कधी चढते आणि कधी ओसरते ते कळते. शांत आठवडे मोजलेच नाहीत, तर ऑगस्टच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? फ्लूचा ‘बी-यामागाता’ हा प्रकार मार्च २०२० नंतर, जगभर तपासण्या चालू असूनही, खात्रीने कोठेच आढळला नाही. म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तो लसीतून वगळण्याचा सल्ला दिला. ‘नाही’ म्हणणाऱ्या असंख्य अहवालांनी लसच बदलली.

लसीची वेळही याच नोंदींवरून ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसह देशातील प्रयोगशाळांच्या नोंदींनुसार श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात वाढतो, तर आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात. लसीचे संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे युरोप-अमेरिकेप्रमाणे ऑक्टोबरची वाट पाहिल्यास आपला पावसाळा लसीविनाच सरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने सासऱ्यांना एप्रिल-मेमध्ये, त्या वर्षीची नवी लस द्यावी आणि ती दरवर्षी द्यावी.

पुन्हा कधी नमुना द्यावा लागला, तर ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते नीट आठवून अर्जावर लिहून घ्या, कारण रुग्ण कोणत्या आठवड्यात मोजायचा हे त्याच तारखेवरून ठरू शकते.