व्याख्या पाठ आहेत, पण हात चालत नाही

"मॅडम, चारही व्याख्या पाठ आहेत. पण कोरी स्क्रीन समोर आली की काही सुचत नाही. मी या लाइनचा नाहीच का?"

डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून प्रोग्रॅम लिहायची पद्धत. तिच्या चार मूळ कल्पनांच्या व्याख्या मुलं पाठ करतात आणि ही तक्रार दर सेमिस्टरला येते. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचे, त्यामुळे यातलं थोडं पाप माझंही. 'कुत्रा हा प्राणी आहे' एवढ्यावर आम्ही इनहेरिटन्स (एका प्रकाराने दुसऱ्याचे गुण वारशाने घेणं) उरकतो. भुंकणाऱ्या कुत्र्याचा प्रोग्रॅम लागतो कुणाला?

त्याच्या घरी दूध संकलन केंद्र होतं. पहाटे वडील फॅट काढतात, हा वहीत लिटर मांडतो. मी म्हटलं, "तीच वही जावात लिही." क्लास (एका प्रकारच्या गोष्टींचा साचा) ही कल्पना 1960च्या दशकात नॉर्वेत, सिम्युला भाषेत आली, तीसुद्धा खऱ्या व्यवहारांची नक्कल संगणकावर उतरवण्यासाठीच.

आठवड्याने शेतकऱ्याचा क्लास घेऊन आला. नाव, खाते नंबर, उचल, सगळं पब्लिक, म्हणजे कोडमध्ये कुठूनही बदलता येणारं.

"वहीतली उचल कुणीही खोडतं का?"

"छे! फक्त पप्पा."

"मग?"

तो हसला. उचल प्रायव्हेट झाली, ती द्यायला-वळती करायला वेगळ्या मेथड (ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे) आल्या. एनकॅप्सुलेशनची, म्हणजे आतली माहिती अशी झाकून ठेवण्याची, व्याख्या त्या दिवशी त्याने म्हटलीच नाही.

मग दुधाचा क्लास, त्याखाली गाय आणि म्हैस. गायीचा दर 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून, म्हशीचा 6 आणि 9. बिल काढणाऱ्या कोडला दूध कशाचं हे विचारावंच लागेना.

दोन महिन्यांनी तोंड पाडून आला. दरपत्रक बदललं होतं आणि याने गाय-जुना दर, गाय-नवा दर असे क्लास वाढवत नेले होते. मला उलट बरं वाटलं. इनहेरिटन्स कुठे करायचं नाही हे कळायला असं एकदा अडकावं लागतं. दरपत्रकाचा स्वतंत्र ऑब्जेक्ट (क्लासच्या साच्यातून घडलेली वस्तू) करून बिलाच्या हाती दिला, तसे चार क्लास गळाले. याला स्ट्रॅटेजी पॅटर्न म्हणतात, हे मी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर पाचवी व्याख्या पाठ झाली असती.

पप्पा अजून वहीवरच बिल करतात आणि दर दहा दिवसांनी प्रोग्रॅमशी ताडून बघतात. गेल्या खेपेला चार रुपयांचा फरक निघाला. पप्पा रोजची रक्कम पूर्ण रुपयांत धरतात, प्रोग्रॅम दहा दिवसांची एकदम. कुणाचं बरोबर, यावर घरात वाद चालू आहे.