नुकतंच धावायला लागलोय आणि पाऊल दुखतंय. थांबावं की धावत राहावं?

तुम्ही लिहिलंय की धावायला सुरुवात करून महिना झाला, आता टाचेपाशी आणि तळव्याला दुखतं. कुणी म्हणतं दुर्लक्ष कर, कुणी म्हणतं बूट बदल. यातलं काहीही करण्याआधी खुर्चीत बसा, दुखणारं पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताच्या अंगठ्याने दाबत दाबत टाचेपासून बोटांपर्यंत जा. मग पावलाची वरची बाजूही तशीच चाचपा. नेमकं कुठे दुखतं आणि कुठल्या वेळी दुखतं, यावर थांबायचं की नाही हे ठरतं. मी डॉक्टर नाही, पण नव्याने धावणाऱ्यांच्या सोबतीला बरीच वर्षं धावतोय. बहुतेक जण 'पाय दुखतोय' एवढंच सांगतात. एका पावलात २६ हाडं आणि तिसाहून जास्त सांधे असतात, त्यामुळे एवढ्यावरून सल्ला देणं कठीणच.

तुमचं वर्णन वाचून पहिला संशय येतो तो प्लांटर फॅशियाचा. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून गेलेला हा जाड, चिवट पट्टा पावलाची कमान धरून ठेवतो. त्याची खूण अशी: सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या आतल्या बाजूला कळ येते, चार पावलं चाललं की कमी होते, आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, पट्टा आखडतो आणि उठल्याउठल्या त्याच्यावर सगळं वजन येतं. धावताना सुरुवातीला दुखतं, अंग तापलं की दुखायचं थांबतं, म्हणून माणूस धावत राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय पलंगावरच करायचा असतो. जमिनीवर पाय टेकवण्याआधी पाऊल मांडीवर घ्या, पाचही बोटं हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरा. ताण बरोबर जागी येत असेल तर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला तळव्याखाली तो पट्टा दोरीसारखा ताठ लागतो. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोटऱ्याही ताणा, कारण आखडलेली पोटरी टाचेला वर खेचते आणि तो भार पट्ट्यावर येतो.

ताणण्याइतकीच ताकदही लागते. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, आणि एका पायावर टाच सावकाश उचलायची: तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबून, तीन सेकंद खाली. हे एक दिवसाआड. जड वाटलं तर सुरुवातीला दोन्ही पायांवर करा. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात हा व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा बराच जास्त आराम होता. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणजे दुखणं बहुधा जातंच, पण वेळ खातं. आठवडाभरात गुण येईल अशी आशा धरू नका. एक्स-रे काढला आणि 'टाचेचं हाड वाढलंय' असं कळलं तर तेवढ्याने घाबरू नका, कारण तसं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही सापडतं. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याची घाई तर मुळीच नको. त्याने येणारा आराम बहुधा काही आठवड्यांपुरता असतो, आणि क्वचित का होईना, पट्टा फाटण्याचा धोका असतो.

आता ज्याच्या बाबतीत मी कुणाला एक दिवसही धावू देत नाही ते दुखणं. पावलाच्या वरच्या बाजूने चाचपताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटाच्या मागच्या लांब हाडावर बोटभर जागेत नेमकं दुखत असेल, तिथे थोडी सूज असेल, धावताना दुखणं कमी न होता वाढतच जात असेल, आणि आता साधं चालतानाही जाणवत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो, ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. लांबलांब कूच करणाऱ्या सैनिकांची सुजलेली पावलं पाहून प्रशियाच्या सैन्यातल्या एका डॉक्टराने याचं वर्णन १८५५ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या चाळीस वर्षं आधी केलं होतं. त्यावरूनच त्याला मार्च फ्रॅक्चर हे नाव पडलं. गोम अशी की पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये हा तडा बऱ्याचदा दिसतच नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून पळायला निघू नका. दुखणं नेमक्या जागी टिकून असेल तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. घोट्याच्या किंचित पुढे, पावलाच्या वर मध्यभागी दुखत असेल तर आणखी लवकर जा. तिथल्या नॅव्हिक्युलर हाडाला रक्तपुरवठा कमी असतो आणि ते भरून यायला फार त्रास देतं. मासिक पाळी अनियमित झाली असेल किंवा वजन उतरवायचं म्हणून खाणं फार कमी केलं असेल, तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा, कारण हाडांचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

चवड्यात तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये मुंग्या येत असतील किंवा जळजळत असेल, तर तिथली नस दाबली जात असते. बूट पुढे रुंद घ्या, नाडी सैल बांधा, अनेकांचं तेवढ्याने भागतं. नख काळं पडणं म्हणजे बूट आखूड किंवा नख लांब. टाचेच्या मागे, घोट्याच्या वरच्या जाड शिरेत दुखत असेल तर तो अकिलिस कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर, आणि टाच उचलण्याचा वरचा व्यायाम तिथेही कामाचा, फक्त टॉवेल नको.

हे सगळं नवख्यांनाच जास्त का होतं? दम काही आठवड्यांत वाढतो, हाडांना आणि कंडरांना मात्र महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि एका किलोमीटरला अशी हजारभर पावलं पडतात. त्यातून हाड मजबूत होताना आधी जुना भाग खरवडला जातो आणि मग नवा भरला जातो, त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत ते उलट थोडं कमजोर असतं. नेमकं त्याच सुमारास दम पुरायला लागलेला असतो आणि माणूस अंतर वाढवतो.

'आठवड्याला दहा टक्केच वाढवा' हा नियम तुम्हाला दहा जण सांगतील. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवख्या धावकांवर तो तपासला गेला आणि २००८ साली निष्कर्ष छापून आले: हळूहळू वाढवणाऱ्या गटात आणि नेहमीच्या गटात दुखापतींचं प्रमाण सारखंच, साधारण पाचात एक. म्हणून मी आकड्यांपेक्षा दुखण्याकडे बघतो. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर तीनपर्यंत दुखत असेल, धावताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत असेल, तर चालू ठेवा. चाल बिघडली, लंगडायला झालं, की त्याच क्षणी थांबून चालत घरी या. हा नियम फक्त पट्टा आणि कंडरांच्या दुखण्याला लागू आहे, हाडाच्या दुखण्याला नाही.

बुटांबद्दल लोक जितकं बोलतात तितकं बुटांच्या हातात नसतं. अमेरिकी सैन्यात पावलाच्या कमानीचा आकार पाहून बूट वाटून बघितले, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. सपाट पाय आहेत म्हणून महागडे बूट घ्यायलाच हवेत असं नाही. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पावलं थोडी सुजलेली असतात. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच सरकता कामा नये, आणि दुकानातच थोडं धावून बघा. अगदी पातळ तळाचे किंवा 'अनवाणी' प्रकारचे बूट दुखणं चालू असताना तर नकोतच.

तुमचं दुखणं टाचेचं निघालं तर सलग धावणं सोडून एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. मधल्या दिवशी सायकल किंवा पोहणं. दोन आठवडे सकाळची कळ वाढली नाही तर धावण्याचं मिनिट दोनावर न्या. वेग सध्या तोच ठेवा. पाऊल बधिर होत असेल, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल, वजनच टाकवत नसेल किंवा मधुमेह असेल, तर हे घरचे प्रयोग न करता आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.