बाराव्या पानावरची रेघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुण्याला गेल्यापासून रहस्यकथा आणि भयकथा वाचणं सोडून दिलंस, कारण वर्गातलं कुणीतरी म्हणालं की ते काही साहित्य नव्हे. आता यादी करून ‘चांगली’ पुस्तकं वाचतेस, पण मन रमत नाही. वाईट वाटलं मला. सातवीत असताना सायकल कशीबशी भिंतीला टेकवून आत धावत येणारी तू माझ्या डोळ्यांसमोर आहेस.

एक गोष्ट तुला तेव्हाच सांगायला हवी होती. मी तुझ्याएवढी असताना आपल्याच वाचनालयातून एक जुनी रहस्यकादंबरी घरी नेली होती. जिल्द निघालेली, पानं दोऱ्यावर लोंबत होती. बाराव्या पानावर एका नावाखाली कुणा सभासदाने शिसपेन्सिलीने रेघ मारून लिहिलं होतं, ‘खुनी हाच.’ असा संताप आला! पण पावसाचे दिवस, पुस्तक बदलायला शनिवारशिवाय जाता येणार नव्हतं, म्हणून वाचत राहिले. आणि दिसायला लागलं, लेखकाने त्या माणसाला आपल्या नाकासमोरच बसवला आहे. घरात आरडाओरडा होतो, सगळे आत धावतात, आपली नजरही त्यांच्या मागे जाते. हा मात्र हातातली कपबशी नीट खाली ठेवतो आणि मग उठतो. काय झालं, कोण गेलं, काही विचारत नाही. एवढी एकच ओळ! रेघ नसती तर मी ती ओलांडून पुढे गेले असते.

तेव्हापासून आवडलेली रहस्यकथा मी दोनदा वाचते. पहिल्यांदा फसण्यासाठी, दुसऱ्यांदा कसं फसवलं ते बघण्यासाठी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. सगळ्या सारख्या उतरलेल्या नाहीत, उतरणारही नाहीत. पण पानामागून पान उलटायला लावणं ही सोपी विद्या नाही, आणि ती ज्याला साधली त्याला कमी लेखू नये.

ऐतिहासिक कादंबरीत नेमकं उलट असतं. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले, हे आपल्याला पहिलं पान उघडण्याआधीच ठाऊक असतं. तरी त्यांच्यावरची रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचताना शेवटाकडे जीव कासावीस होतो. का होतो, याचा शोध घे. शेवट माहीत असताना हुरहुर लावायची तर लेखकाला माणूसच उभा करावा लागतो, लपवाछपवी तिथे कामाची नाही. फक्त त्याला इतिहास समजू नकोस. इतिहासासाठी सरदेसायांची रियासत वेगळी वाचायची.

भयकथेत मी घाबरण्याची जागा शोधत नाही, तिच्या आधीची शोधते. नारायण धारपांची कथा घेतलीस तर बघ, भीती यायच्या आधी घर, जिना, दिवा किती साध्या शब्दांत मांडून ठेवलेले असतात. त्या साधेपणावर विश्वास बसला, की मग पुढे अंगावर काटा येतो.

विज्ञानकथेबद्दल तू विचारलं आहेस. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. जयंत नारळीकरांना त्याआधी १९६५ सालीच पद्मभूषण मिळालं होतं. नावाचं वजन पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं! मला हे फार मोलाचं वाटतं. कथा कथा म्हणून उभी राहते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तूही तसंच वाच. लेखकाने एक अशक्य गोष्ट मानायला सांगितली तर मान, पण त्यानंतर तो आपलेच नियम पाळतो की नाही, यावर बारीक लक्ष ठेव. वाटेल तेव्हा नवी सोय काढणारी कथा मी बाजूला ठेवते.

आणि जी. ए. कुलकर्णी जमत नाहीत म्हणून कष्टी होऊ नकोस. त्यांच्या कथेत शेवटी उलगडा होईल म्हणून थांबलीस तर हात रिकामेच राहतील. पण कपबशी ठेवणारा हात टिपायची सवय तुला आहे, तीच तिथे उपयोगी पडते. एका बैठकीत एकच कथा वाच, आणि त्या दिवशी दुसरं काही वाचू नकोस.

यादी फाडू नकोस, पण तिच्यात अधूनमधून मनाजोगतं काही घाल. भयकथा वाचलीस म्हणून जी. ए. रागावणार नाहीत!

ती जुनी कादंबरी गेल्या महिन्यात बांधणीला दिली होती. बाइंडरला बजावून सांगितलं, बाराव्या पानावरची पेन्सिल पुसू नका. रविवारी तुझे बाबा येताहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. आधी त्या पानावर जायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी,
वाचनालयातली मावशी