आत शिरता येत नाही, मग तडा सापडतो कसा?

प्रश्न : अमेरिकेत हॅनफर्ड इथे किरणोत्सारी कचऱ्याच्या जमिनीखालच्या टाक्या गळतात, असं वाचलं. आत माणूस जाऊच शकत नाही, तर टाकी खराब झाली हे कळतं कसं?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : टाक्यांच्या वेल्डवर अल्ट्रासॉनिक प्रोब (पोलादात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारं उपकरण) फिरवण्यात माझी ३१ वर्षं गेली, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे.

हॅनफर्डला अशा १७७ टाक्या आहेत. त्यांतल्या १४९ एकेरी पोलादी कवचाच्या, तर २८ दुहेरी. दुहेरी टाकीत आतल्या आणि बाहेरच्या कवचामध्ये सुमारे अडीच फुटांची पोकळी असते. तपासणी होते ती याच पोकळीतून. वरच्या पाइपातून कॅमेरा सोडतात. चुंबकी चाकांची एक छोटी गाडी प्रोब घेऊन आतल्या कवचाच्या बाहेरच्या अंगाने वर-खाली चालते. पलीकडच्या पृष्ठभागावरून प्रतिध्वनी किती वेळात परततो, त्यावरून पोलादाची जाडी कळते. तो अधेमधेच परतला, तर तिथे खड्डा किंवा चीर असण्याचा संशय येतो. वेल्डच्या कडेची पट्टी आम्ही सर्वांत बारकाईने बघतो. तिथे ताण उरलेला असतो आणि कचऱ्यातल्या नायट्रेटमुळे नेमकी तिथेच चीर पडू शकते. म्हणून दुहेरी टाक्या बांधताना त्या तापवून तो ताण कमी केला होता. चीर पडू नये म्हणून कचऱ्यात कॉस्टिक (तीव्र अल्कली) आणि नायट्राइटचं प्रमाणही राखावं लागतं.

पण प्रोब फिरतो तो भिंतीच्या मोजक्या उभ्या पट्ट्यांवर. आतल्या कवचाचा तळ तर काँक्रीटवर टेकलेला. मला खरी काळजी वाटते ती तळाची. एका कारखान्यात मी टाकीची भिंत तपासली, सगळी जाडी ठीक निघाली. टाकी रिकामी करून आत उतरलो, तर तळाचा पत्रा खालून गंजून कागदासारखा झालेला. आम्हाला निदान उतरता आलं.

हॅनफर्डच्या एवाय-१०२ या टाकीत २०१२ साली नेहमीच्या कॅमेरा तपासणीत पोकळीच्या तळाशी कचरा साचलेला दिसला. आतलं कवच गळत होतं. बाहेरच्या कवचाने तो कचरा धरून ठेवला, म्हणून वेळ मिळाला आणि २०१७ पर्यंत टाकीतला जवळजवळ सगळा कचरा काढता आला. एकेरी टाक्यांना ही दुसरी भिंतच नाही. तिथे टाकीतल्या कचऱ्याच्या पातळीवर आणि आसपासच्या विंधन छिद्रांतल्या किरणोत्सारावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे गळती कळते ती बहुधा कचरा मातीत गेल्यावरच.