मंदीत ऑर्डरी घटल्या, कंपन्याही पैसे थकवतात. छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप कसं टिकवायचं?

आधी वसुली, मग नवी ऑर्डर. मंदीत छोटं वर्कशॉप बहुधा तोट्याआधी रोख संपल्यानं बंद पडतं.

बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे येणी आणि मालावर उचल मिळणाऱ्या) खात्याचं गणित पाहा. ९० दिवसांपेक्षा जुनी येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) उचल ठरवताना बहुतेक बँका धरत नाहीत. समजा १० लाखांची येणी आहेत, त्यातली ४ लाखांची जुनी झाली. २५ टक्के मार्जिन (येण्यांतला बँक ज्यावर उचल देत नाही तो हिस्सा) असेल, तर साडेसात लाखांऐवजी साडेचार लाखच उचलता येतात. म्हणून दर सोमवारी येण्यांची यादी वयानुसार लावा आणि ६० दिवस ओलांडलेल्यांना आधी फोन करा.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करा, ती मोफत आहे. नोंदणीआधीच्या बिलांवर पुढे वाद होतो. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार ग्राहक कंपनीला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी कमाल ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापा. माल पोचल्याची सही-शिक्क्याची चलनं जपून ठेवा, थकबाकीची तक्रार त्यांच्यावरच उभी राहते.

भाव पाडताना टूल, वीज, ऑपरेटर आणि रिजेक्शन (नापास झालेला माल) यांचा खर्च तरी निघालाच पाहिजे. भाडं-हप्त्याला थोडा हातभार लागत असेल तर थोडे दिवस ते काम घ्यायला हरकत नाही. त्याखाली मशीन बंद ठेवलेलं परवडतं.

शिफ्ट कमी केलीत तर विजेची कॉन्ट्रॅक्ट डिमांडही (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) कमी करून घ्या. आणि हप्ता चुकणार असं दिसताच बँकेत जा, कारण ९० दिवस थकलं की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं.