पहिलं घर घेताना: क्लबहाऊसचे पैसे मोजावेत का?

प्रश्न : आमचं पहिलंच घर आहे. पुनावळ्यात बांधकाम चालू असलेले दोन फ्लॅट पाहिले, चटई क्षेत्र जवळजवळ सारखंच. साध्या इमारतीतला ७२ लाखांना, मेंटेनन्स महिना ३,००० रुपये. दुसरीकडे तरणतलाव, जिम, क्लबहाऊस. किंमत ७९ लाख, मेंटेनन्स ६,५०० रुपये. ‘फक्त सात लाखांत एवढं सगळं’ असं विक्री कार्यालयात सांगतात. घ्यावं का?

उत्तर : ते सात लाख सातच राहत नाहीत. बांधकामाधीन घरावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३५,००० आणि पिंपरी-चिंचवड हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४९,००० त्यावर चढतात (घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे). मुद्रांक शुल्काला बँक साधारणपणे कर्ज देत नाही, ते रोख उभं करावं लागतं. सात लाखांपैकी ८० टक्के, म्हणजे ५.६ लाख, कर्जातून घेतले तर साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी हप्ता सुमारे ४,८६० रुपयांनी वाढतो. मेंटेनन्समधला फरक ३,५०० रुपये. म्हणजे दरमहा ८,३६० रुपये, वर्षाला लाखभर. हप्ता २० वर्षांनी संपतो, मेंटेनन्स कधीच संपत नाही आणि तो वाढतच जातो.

आता एक कागद घ्या आणि ज्या सोयी तुमच्या घरातलं कुणी ना कुणी आठवड्यातून दोनदा तरी वापरेल, तेवढ्याच लिहा. त्याच सोयी बाहेर कितीला मिळतात ते जवळच्या जिममध्ये, तलावावर विचारून या आणि बेरीज ८,३६० शी ताडून पाहा. घरात लहान मुलं आणि वृद्ध आईवडील असतील, तर बंदिस्त आवार, खेळायची जागा आणि चालायची वाट यांना खरी किंमत आहे. मिनी थिएटर आणि बँक्वेट हॉलला आमच्या मते ती नाही.

पण त्याआधी पाणी पाहा. पश्चिम पुण्यातल्या कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. माणशी १३५ लिटर आणि घरात चार माणसं धरली, तर ४०० फ्लॅटच्या सोसायटीला रोज २,१६,००० लिटर लागतं, म्हणजे दहा हजारांचे बावीस टँकर. त्यातलं अर्धं जरी विकत घ्यायची वेळ आली तरी सांगितलेला मेंटेनन्स कागदावरच राहतो. म्हणून विक्री कार्यालयाच्या आकड्यावर विसंबू नका. त्याच बिल्डरच्या चार-पाच वर्षं जुन्या सोसायटीत जा, सेक्रेटरींना भेटा आणि एप्रिल-मेमधलं टँकरचं बिल आणि मागचा वार्षिक हिशोब दाखवायची विनंती करा. पालिकेचा नळजोड मंजूर आहे का, दुसरी लिफ्ट आहे का, वीज गेल्यावर जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्याला चालतो की घरातल्या दिव्यांनाही, तेही विचारा. घरातला वारा, उजेड, दुसरी लिफ्ट, पाण्याच्या टाकीची क्षमता या गोष्टी नंतर घालता येत नाहीत, जास्तीचे पैसे त्यांनाच द्यावेत. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर, पाणी आणि लिफ्ट ठीक असेल तर आम्ही ७२ लाखांचंच घर सुचवू.

प्रश्न : आमच्या प्रकल्पात फक्त ६४ फ्लॅट आहेत आणि तलाव पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, आहे. तलावाचा खर्च खरंच किती येतो?

उत्तर : तलावाचा खर्च फ्लॅटच्या संख्येनुसार वाढत नाही, म्हणून छोट्या सोसायटीला तो जड जातो. १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल तलावात १,०८,००० लिटर पाणी मावतं. ते सहा तासांत एकदा गाळायचं तर ताशी १८,००० लिटर उपसणारा पंप हवा. ३ एचपीचा पंप दिवसाला आठ तास चालला तर महिन्याला सुमारे ५४० युनिट वीज लागते. जीवरक्षक, सफाई, रसायनं आणि वीज मिळून महिना ५४,००० धरले, तर ६४ घरांत प्रत्येकी ८४४ रुपये पडतात. ५०० घरांत तेच १०८ होतात.

बहुतेक ठिकाणी बिघाडाची सुरुवात एकाच काटकसरीतून होते: वीजबिल वाचवायला पंपाचे तास कमी करतात. उन्हात क्लोरीन लवकर उडतं, पाणी फिरत नाही, शेवाळ धरतं आणि मग तलाव रिकामा करून भरण्यात आधी वाचवलेल्यापेक्षा जास्त जातं. मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ यांची रोज नोंद ठेवायला लावा.

पोडियमवरचा तलाव गळला तर पाणी खालच्या पार्किंगमध्ये उतरतं. ताबा घेताना साधी चाचणी करून घ्या. पंप आणि पाणी भरणारा नळ बंद करा. पायरीवर बादली ठेवून तिच्यात तलावाच्या पातळीइतकंच पाणी भरा, दोन्हीकडे खूण करा. २४ तासांनी बादलीपेक्षा तलावाचं पाणी जास्त उतरलं असेल तर गळती आहे, कारण बाष्पीभवन दोन्हीकडे सारखंच होतं. ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेला बांधकामातला दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : माहितीपत्रकात मोठं क्लबहाऊस आहे, पण ते ‘तिसऱ्या टप्प्यात’ होणार म्हणतात. भरवसा कसा ठेवायचा?

उत्तर : टप्प्यांची महारेरा (रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी अनेकदा वेगवेगळी असते. तुमच्या टप्प्याचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाका आणि क्लबहाऊस त्याच नोंदणीत आहे का ते पाहा. नसेल, तर तुमच्या टप्प्याचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) क्लबहाऊसविनाही येऊ शकतं. करारनाम्याच्या परिशिष्टात क्लबहाऊसचं क्षेत्रफळ, पूर्ण करायची तारीख आणि ते सभासदांच्या सामाईक मालकीचं असेल की बिल्डर वेगळी वर्गणी घेणार, हे लिहून घ्या. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार ती मागताच येत नाही. माहितीपत्रक आणि जाहिराती जपून ठेवा. त्यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील, तर कलम १२ खाली भरपाई मागता येते.

मंजूर नकाशावर ‘अ‍ॅमेनिटी स्पेस’ लिहिलेला भूखंड पाहून हुरळून जाऊ नका. तो सार्वजनिक सोयीसाठी राखलेला असतो, तुमच्या सोसायटीच्या बागेसाठी नाही.

प्रश्न : आमचा वन बीएचके आहे. थ्री बीएचकेइतकाच मेंटेनन्स द्यायचा?

उत्तर : सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (संस्थेच्या कारभाराचे नमुना नियम) सेवा शुल्क सर्व घरांना समान असतं; पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येवर ठरते. अपार्टमेंट कायदा १९७० खाली कॉन्डोमिनियम (फ्लॅटमालकांची संघटना) असेल तर खर्च प्रत्येक फ्लॅटच्या सामाईक मालमत्तेतल्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो, तिथं लहान घराला कमी पडतं. संस्था होईपर्यंत बिल्डर बहुधा चौरस फुटावर आकारणी करतो, त्यामुळे संस्था झाल्यावर लहान घरांचं बिल अचानक वाढलेलं दिसतं. आपल्याकडे काय होणार हे करारनाम्यात लिहिलेलं असतं, सही करण्याआधी ते कलम शोधून वाचा.