बाप्तिस्म्याची तारीख जवळ आली आहे आणि मन धजत नाही. हा विश्वासाचा कमीपणा समजावा का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. यहोवाच्या साक्षीदारांसोबत तीन वर्षे बायबलचा अभ्यास झाला, वर्षभरापासून तुम्ही बाप्तिस्मा न झालेल्या प्रचारक म्हणून घरोघरी जाता, येत्या संमेलनात बाप्तिस्मा घ्यावा असे मंडळीत सगळे प्रेमाने सुचवत आहेत, आणि तारीख जवळ येईल तशी तुमची झोप उडाली आहे. आपला विश्वास कमी पडतो आहे का आणि थांबायचे ठरवले तर वडिलांना कसे सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. (इतर वाचकांसाठी: यहोवाचे साक्षीदार हा एक ख्रिस्ती पंथ आहे आणि ते देवाला यहोवा म्हणतात. इथे वडील म्हणजे मंडळीची देखरेख करणारे बंधू, जन्मदाते नव्हेत. माझ्या आईचाही सुरुवातीला हाच गोंधळ झाला होता.)

मी पुण्यात चार वर्षे अभ्यास केला, तुमच्याच टप्प्यापर्यंत पोहोचलो आणि तिथे थांबलो. आजही माझा बाप्तिस्मा झालेला नाही. तेव्हा माझे उत्तर कोणत्या बाजूने झुकलेले असू शकते हे लक्षात ठेवूनच ते वाचावे. मात्र माझी त्या मंडळीविषयी तक्रार नाही. तिथे मला कोणी जात विचारली नाही, आजारपणात न बोलावता डबा आला, आणि मी थांबलो तेव्हाही कोणी वाईट बोलले नाही.

तुम्हाला अडवणारी गोष्ट विश्वासाची आहे की आणखी कशाची, हे आधी वेगळे करायला हवे, आणि त्यासाठी बाप्तिस्म्याच्या भाषणानंतर उमेदवारांना उभे करून जे दोन प्रश्न विचारतात तेच उपयोगी पडतात. पहिल्याचा आशय असा की, तुम्ही आपल्या पापांचा पश्चात्ताप करून, येशू ख्रिस्ताच्या द्वारे मिळणारे तारण स्वीकारून स्वतःला यहोवाला समर्पित केले आहे का. दुसऱ्याचा आशय असा की, या बाप्तिस्म्याने तुम्ही यहोवाच्या संघटनेशी जोडलेले साक्षीदार म्हणून ओळखले जाल, हे तुम्हाला समजते का. दोन्हींना एकाच दमात मोठ्याने 'हो' म्हणायचे असते, त्यामुळे ही दोन वेगवेगळी वचने आहेत हे सहज नजरेतून सुटते. संघटनेचा हा उल्लेख दुसऱ्या प्रश्नात १९८५ साली आला. मी घरी आरशासमोर दोन्ही प्रश्न स्वतःला मोठ्याने विचारून पाहिले होते. पहिल्याला माझा 'हो' आला, दुसऱ्याला घसा कोरडा पडला. तुमचेही तसे होत असेल, तर देवावरचा विश्वास कमी पडतो आहे असे म्हणणे स्वतःवर अन्याय करणे होईल.

दुसऱ्या वचनाचा अर्थ व्यवहारात काय होतो, तेही स्पष्ट सांगतो. आज तुम्ही सभांना येणे थांबवले तर लोकांना वाईट वाटेल, दोन-चार जण घरी येतील, पण तुमच्याशी बोलण्यावर कोणतीही बंदी येणार नाही. बाप्तिस्मा झालेली व्यक्ती मात्र गंभीर चुकीचा पश्चात्ताप न केल्याने मंडळीतून काढली गेली, तर मंडळीतले लोक तिच्याशी उठबस ठेवत नाहीत. १९८१ पासून, स्वतःहून पत्र देऊन बाहेर पडणाऱ्यालाही तोच नियम लागू आहे. २०२४ मध्ये यात थोडी सैलता आली. 'बहिष्कृत' हा शब्द मागे पडला आणि अशी व्यक्ती सभेला आली तर तिला साधा नमस्कार करण्यास किंवा तिला सभेचे आमंत्रण देण्यास मोकळीक मिळाली, पण मैत्री आणि जेवणखाण यांवरची मर्यादा कायम आहे. एका छताखाली राहणाऱ्यांचे कौटुंबिक नाते तुटत नाही, हेही नमूद केले पाहिजे. तुम्ही लिहिता की गेल्या तीन वर्षांत तुमच्या सगळ्या मैत्रिणी मंडळीतल्याच झाल्या आहेत. मग आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा दरवाजा एकाच मापाचा नाही, हे पाण्यात उतरण्यापूर्वी तुम्हाला माहीत असलेच पाहिजे.

माझे पाऊल जिथे अडखळले ती जागा रक्ताची होती. माझ्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया आहे. तो आठ महिन्यांचा असल्यापासून त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. रक्तपेढीतून आलेली पिशवी थंडगार असते, थंड रक्त शिरले की त्याला हुडहुडी भरायची, म्हणून ती चढवण्याआधी काही वेळ बाहेर ठेवत. लहानपणी माझे काम म्हणजे पलंगाशेजारी बसून नळीतले थेंब मोजणे आणि ते मंदावले की नर्सबाईंना हाक मारणे. साडेतीन-चार तास लागत. पिशवीवर रक्तगट, क्रमांक आणि तारीख असे, दात्याचे नाव कधीच नसे, आणि आई प्रत्येक पिशवीला डोळे मिटून हात जोडत असे.

साक्षीदार १९४५ पासून बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये १५:२९ चा (रक्तापासून दूर राहावे, या वचनाचा) आधार देऊन रक्त घेणे नाकारतात, आणि १९६१ पासून ते मंडळीतून काढले जाण्याजोगे कारण ठरले. संपूर्ण रक्त, तांबड्या व पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा नको, पण त्यांतून वेगळ्या काढलेल्या अल्ब्युमिनसारख्या अंशांबाबत ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे, अशी आजची शिकवण आहे. मला हे सगळे धड्यांत नीट शिकवले गेले होते आणि मी उत्तरेही बिनचूक देत असे. बाप्तिस्म्यापूर्वी वडील उमेदवारासोबत बसून सगळ्या शिकवणींची उजळणी घेतात. त्या बैठकीत रक्त नाकारणाऱ्या कार्डाचा विषय निघाला आणि माझ्या लक्षात आले की, माझ्या भावावर कोणी काही लादत नसले, तरी त्या कार्डावर सही करणे म्हणजे आईने तीनशेहून अधिक वेळा चूक केली असे मनापासून मानणे होय. ते मी मानत नव्हतो. धड्याचे उत्तर देता येणे आणि ते उत्तर आपले असणे यांत किती अंतर असते ते मला त्या टेबलावर कळले.

तुमची जागा वेगळी असेल. तुम्ही आईविषयी लिहिले आहे, त्यावरून मला वाटते की ती सणावारांची असावी. माझ्याही घरी सण होतेच. अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी मी गणपतीच्या आरतीला मागच्या खोलीत बसून राहिलो, प्रसादही घेणार नाही असे सांगितले. आरती झाल्यावर आई ताटली घेऊन आली. तिने नैवेद्य दाखवण्याआधीच दोन मोदक माझ्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. ज्या घरात देवाआधी कोणी चव पाहत नाही, त्या घरात तिने हे केले होते. मी ते खाल्ले, आणि माझ्या ठाम भूमिकेची किंमत घरात दुसरेच कोणीतरी मोजते आहे हे मला तेव्हा दिसले. म्हणून भूमिका सोडावी असे मी म्हणत नाही. केरळात जुलै १९८५ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहूनही ते न गाणारी तीन साक्षीदार मुले शाळेतून काढली गेली होती आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अशा ठामपणाविषयी मला आजही आदर वाटतो. पण ती किंमत कोण कोण मोजणार आहे, हे नावानिशी माहीत असावे.

तुम्हाला प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय दाखवला गेला असेल. हबशी अधिकारी रस्त्यात पाणी पाहून म्हणतो की, मला बाप्तिस्मा घ्यायला आता काय अडचण आहे. उतारा सुंदर आहे. पण त्याच बायबलात लूक १४:२८ मध्ये येशूच सांगतो की, बुरूज बांधायला घेणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा. (ज्यांच्या नियतकालिकाचे नाव 'टेहळणी बुरूज' आहे त्यांनी या वचनाला नाराज होण्याचे कारण नाही.)

बाप्तिस्मा घेऊन पुढचे पुढे पाहू, असाही एक विचार तुम्ही बोलून दाखवला आहे. आपल्याकडे त्याचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि नंतर तिथल्या सिस्टरांशी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींशी, पत्रांतून कडाडून वाद घातला. पुरोहितांचे एक जोखड मोठ्या प्रयासाने उतरवले असताना तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. ख्रिस्ती राहून मतभेद ठेवण्याची ती जागा रमाबाईंना मिळाली. तुम्ही जिथे जात आहात तिथे संघटनेच्या शिकवणीविरुद्ध उघड मत मांडत राहणे हेच काढून टाकण्याचे कारण होऊ शकते, तेव्हा 'आधी आत, मग वाद' हा मार्ग तुमच्यापुढे नाही.

तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडे कायद्याचे. धर्म बदलल्याने तुमचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, पण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २६ नुसार धर्मांतरानंतर जन्मलेल्या अपत्यांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही, ती मुले वारसा खुला होताना स्वतः हिंदू असल्याखेरीज. तुम्ही अनुसूचित जातीच्या असाल, तर १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. हे वकिलाशी बोलून घ्यावे.

आता वडिलांना कसे सांगायचे ते. मी आठवडाभर कारणांची यादी करत होतो, आणि प्रत्येक कारणाला एक वचन व एक उत्तर तयार असणार हेही मला कळत होते. शेवटी यादी घरी ठेवून गेलो. तुम्हीही वादात शिरू नका आणि 'परीक्षा आहे', 'घरी पाहुणे आहेत' असे बहाणेही करू नका, कारण बहाण्याची मुदत संपली की पुढच्या संमेलनाची तारीख उभीच असते. अभ्यास घेणाऱ्या ताईंना आधी एकटीने भेटा, वडिलांच्या बैठकीत पहिल्यांदा ऐकण्याची वेळ त्यांच्यावर आणू नका. माझे वाक्य एवढेच होते: "दुसऱ्या प्रश्नाला मी आज मनापासून हो म्हणू शकत नाही, आणि खोटे हो मला देवापुढे म्हणायचे नाही." माझा अभ्यास घेणारे बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बायबल मिटले, भावाची रक्ताची पुढची तारीख कधी आहे ते विचारले आणि मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले.